रोज पर्वती चढणारे रावसाहेब

सुशीलाबाईंचा कोणावरही विश्वास नव्हता आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज वाटत नव्हती. दूध त्या स्वतःच्या मापानं पुन्हा मोजायच्या. भाजीवाल्याचा काटा खाली वाकून बघायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं हसून "काय काकू, बरं आहे ना?" विचारलं की हा आता मेंटेनन्स वाढवणार, हे त्या लगेच ओळखायच्या, आणि मेल्यानं खरोखर वाढवलेला असायचा. मग विश्वास ठेवायचा तरी कशाला? बिबवेवाडीतल्या त्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तीस वर्षं त्यांनी अशी काढली. मूळ गाव पुसदकडचं, पण संशयाच्या बाबतीत बाई पक्क्या पुणेकर झाल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी मात्र घर हललं. रावसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, हडपसरला एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. सकाळच्या पाळीला स्कूटरवरून निघाले आणि गंगाधामच्या उतारावर मागून टेम्पोनं उडवलं. डावा खुबा फुटला, मांडीत रॉड घातला. आठ तास उभं राहायचं काम ते, कारखान्यानं सहा महिने वाट पाहिली आणि नारळ दिला. आता रावसाहेब वॉकर धरून कॉटपासून बाल्कनीपर्यंत आणि बाल्कनीपासून कॉटपर्यंत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खुबा बदलायचं ऑपरेशन याच वर्षी करा, नाहीतर माणूस कायमचा बसला. पण ऑपरेशन करायचं तर टेम्पोच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळायला हवी होती, आणि भरपाईचा दावा शिवाजीनगरच्या कोर्टात तारखा खात पडला होता. रावसाहेब पुन्हा चालणार की नाही, हे त्या निकालावर अडलं होतं.

आणि ज्यांनी हा दावा चालवायला घेतला होता, नेमका त्यांच्यावरच बाईंचा सगळ्यात जास्त संशय.

वकीलबाईंचं नाव तनुजा. सातारा रोडवर ऑफिस, अपघाताच्या केसेस सोडून दुसरं काही घेत नाहीत. मुलीनं, प्रियदर्शनीनं, चार ठिकाणी चौकशी करून त्यांना गाठलं होतं. खराडीला कंपनीत नोकरी करणारी मुलगी ती, तिला सगळं ऑनलाइन समजतं. सुशीलाबाईंना जे समजायचं ते डोळ्यांनी दिसायचं. आणि दिसत काय होतं? गणपतीत ही वकीलबाई मंडळाच्या मांडवाबाहेर टेबल टाकून फुकट हेल्मेट वाटते! अपघातावर पोट भरणारी बाई हेल्मेट वाटते?

"कसायानं गाईला चारा घालावा तसं आहे हे," सुशीलाबाई म्हणाल्या.

"आई, त्या चांगल्या आहेत गं," प्रियदर्शनी म्हणाली.

"चांगली माणसं घरी बसतात. टेबल टाकून बसत नाहीत."

त्यातून त्या ऑफिसची पद्धतच मुळी विचित्र. वकील म्हणजे कसा असावा? आपण त्याच्याकडे दहा हेलपाटे घालावेत, त्यानं "पुढच्या तारखेला बघू" म्हणावं. इथं उलटंच. ऑफिसातला सौमित्र नावाचा तिशीचा मुलगा महिन्यातून दोन शनिवार घरी यायचा. चपला नीट जोडून बाहेर ठेवायचा, मांडीवर वही उघडायचा आणि विचारायचा. काका, जिना शेवटचा कधी उतरलात? झोप किती वेळा मोडते? काकू, आंघोळीला मदत लागते का? संडासला कसं काय?

आता ही काय विचारायची गोष्ट झाली? परक्या पोरानं?

"सगळं बरं आहे," सुशीलाबाई म्हणायच्या. "देवाच्या कृपेनं काही कमी नाही."

"काकू, कोर्टात त्रास दाखवावा लागतो. तुम्ही मला सांगितलं नाहीत तर मॅडम मांडणार काय?"

"मांडायचंय ते मांडा. डॉक्टरचे कागद दिलेत ना?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाईंचं आयुष्यभराचं धोरण. आजार चारचौघांत बोलला की वाढतो, अडचण सांगितली की लोक चघळतात. घरात लग्नाची मुलगी, वय सत्तावीस. बाप अपंग झाला हे एकदा षट्कर्णी झालं की येणारं स्थळ जिन्यातूनच परत जाईल. या मुलीच्या गळ्यात म्हातारा-म्हातारी पडणार, असा हिशेब कोण करत नाही? सगळे करतात. त्या स्वतः असत्या तर त्यांनीही केला असता.

सौमित्र वहीत काहीतरी लिहायचा. काय लिहितो, म्हणून बाईंनी एकदा पाणी देण्याच्या निमित्तानं वाकून बघितलं. "काकू म्हणतात, सगळं बरं आहे," एवढंच लिहिलं होतं. म्हणजे पोरगं बिलंदर होतं, खरं ते डोक्यात लिहीत असणार.

दर तीन महिन्यांनी ऑफिस आपल्या सगळ्या अशिलांना एका समाजमंदिरात बोलवायचं. कुणाचा हात गेलेला, कुणाचा मुलगा गेलेला, सगळे गोल करून बसायचे आणि चहा-बिस्किटांबरोबर एकमेकांना आपली दुःखं सांगायचे. सुशीलाबाई एकदाच गेल्या आणि तोंडाला कुलूप लावून बसल्या. तिथं तनुजा मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "कोणी अनोळखी माणूस घरी आला आणि तब्येतीची चौकशी करायला लागला, तर आधी आम्हाला फोन करा." घ्या! म्हणजे आता आमच्या घरी कोण येतो, त्याचाही हिशेब यांना द्यायचा! बाईंनी घरी येऊन रावसाहेबांना सांगितलं, "यांना आपल्यावर पाळत ठेवायची आहे. कुठेतरी पाणी मुरतंय."

रावसाहेब पेपर वाचत होते. "मुरू दे," म्हणाले. त्यांना विषय आवडत नसला की ते पान उलटायचे.

फेब्रुवारीत शंभूरावांचा फोन आला.

शंभूरावांनी प्रियदर्शनीचं नाव वधू-वर मंडळाच्या यादीत पाहिलं होतं. त्यांचा पुतण्या ऋषी, तोही खराडीलाच, इंजिनीअर, आईवडील यवतमाळला. फोटो पाठवला. मुलगा देखणा, चष्मा लावणारा. प्रियदर्शनी एरवी फोटो बघून "पुढे?" म्हणायची. हा फोटो तिनं दोनदा उघडला, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

"आम्ही आधी फक्त घर पाहून जातो," शंभूराव फोनवर म्हणाले. "मोठी माणसं भेटली पाहिजेत. मुलांचं काय, ते तर मोबाइलवर बोलूनच राहिले!"

'बोलूनच राहिले.' तीस वर्षांत पुण्यात कोणी असं बोललं नव्हतं. सुशीलाबाईंच्या कानाला माहेर लागलं. त्यांनी मुलाची कंपनी विचारली, पगार विचारला, गोत्र विचारलं. शंभूराव खरे कोण, हे मात्र विचारायचं राहून गेलं. आपल्याकडच्या माणसाला का असं विचारतात?

गुरुवार ठरला. सकाळपासून घरात धांदल. वॉकर, कमोडची खुर्ची, गरम पाण्याची पिशवी, मलमांच्या ट्यूबा असं सगळं बाईंनी समोरच्या कमरजहां भाभींच्या घरी नेऊन ठेवलं. भाभी पंचवीस वर्षांच्या शेजारी. खुर्ची आत घेताना त्या म्हणाल्या, "लपवू नका सुशीलाबाई. पुढे जाऊन मुलीलाच ऐकावं लागतं."

"एकदा जमू दे. मग सांगू हळूहळू."

रावसाहेबांना त्यांनी सकाळीच दुखण्याच्या दोन गोळ्या दिल्या आणि इस्त्रीची पँट चढवली. पँट चढवायला वीस मिनिटं लागली.

"विचारलं तर काय सांगू?" रावसाहेब म्हणाले.

"सांगायचं नाही. बसून राहायचं आणि हसायचं."

"आणि उठावं लागलं तर?"

"प्रियूसाठी उठायचं."

शंभूराव आले, बरोबर एक बाई, मुलाची आत्या म्हणून. केवढी साधी माणसं! शंभूरावांनी चहा बशीत ओतून प्यायला. पाटवड्यांचा रस्सा अजून करता का, म्हणून विचारलं. केसचा, कोर्टाचा, अपघाताचा 'अ'सुद्धा काढला नाही. फक्त एकदा सहज म्हणाले, "दादांची तब्येत काय मस्त ठेवली हो तुम्ही! रिटायर झाल्यावर माणसं बसतात, पण हे तर एकदम कडक दिसतात."

आता इथं गप्प बसली तर ती आई कसली?

"अहो, यांना काय धाड भरलीये!" सुशीलाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी पर्वती चढतात. पाण्याचा वीस लिटरचा जार एका हातानं उचलतात. मीच म्हणते, जरा दमानं घ्या."

रावसाहेब हसले. सांगितलंच होतं तसं.

निघताना शंभूराव म्हणाले, "चला की दादा, गाडीपर्यंत. दोन शब्द बोलू, पुरुषापुरुषांत." त्यांच्या शर्टाच्या खिशातून मोबाइल अर्धा वर आलेला होता. रावसाहेबांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मान हलवली. ते उठले. दोन मजले उतरले, कठडा न धरता. गाडीपाशी पाच मिनिटं उभे राहिले. हात हलवून निरोप दिला आणि दोन मजले वर चढून आले. दार लावल्यावर मात्र ते तिथंच दाराशी जमिनीवर बसले. भाभी आणि सुशीलाबाईंनी दोन काखांत हात घालून त्यांना कॉटवर टाकलं. चार दिवस ते उठले नाहीत. कोपऱ्यावरचा डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला, आणि बोभाटा नको म्हणून बाईंनी त्याच्याकडून चिठ्ठीसुद्धा घेतली नाही.

शनिवारी नेमका सौमित्र हजर.

"काकांना काय झालं?"

"ताप आहे. फ्लू."

"काकू, पाय सुजलाय त्यांचा."

"फ्लूमध्ये सुजतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. तो बाहेर पडला, तेव्हा जिन्यात भाभींशी बोलत थांबलेला त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिला. चांगली तीन मिनिटं बोलत होता.

आणि शंभूरावांचा फोन येईना. आठवडा गेला, महिना गेला. बाईंनी तीनदा लावला, "हा नंबर सध्या उपलब्ध नाही." एकदा डबा भरताना प्रियदर्शनीनं विचारलं, "आई, त्यांचं काही कळलं का गं?" विचारलं अगदी सहज.

मग त्यांनी दोन अधिक दोन केले. पाय कोणी पाहिला? सौमित्रनं. भाभींना खोदून कोणी विचारलं? सौमित्रनं. घरोघर फिरतो कोण? समाजमंदिरात गावभरच्या लोकांना गोळा करतो कोण? ह्यानंच कुठेतरी बोलून ठेवलं, 'त्या मुलीचा बाप अंथरुणाला खिळलाय.' उचलली जीभ, लावली टाळ्याला! स्थळ मोडलं मेल्यानं!

त्या इतक्या संतापल्या की रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी प्रियदर्शनीला सुट्टी टाकायला लावून तिला बरोबर घेतलं आणि सातारा रोडचं ऑफिस गाठलं. सौमित्र दारातच भेटला, "या काकू" म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आमचे कागद परत द्या," त्या तनुजा मॅडमच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच म्हणाल्या. "आम्ही दुसरा वकील बघतो. ह्या तुमच्या माणसानं माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं."

तनुजा मॅडम पन्नाशीच्या, केस पांढरे, आवाज बारीक. "बसा," त्या म्हणाल्या. "लग्न कोणाशी ठरत होतं?"

"ते तुम्हाला कशाला?"

प्रियदर्शनीनं सांगून टाकलं. शंभूराव, आत्या, गुरुवार, ऋषी. ऐकता ऐकता तनुजा मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि लॅपटॉप यांच्याकडे वळवला.

"मी आज तुम्हाला फोन करणारच होते. विमा कंपनीनं काल कोर्टात हे चित्रण दाखल केलं. त्यांच्या तपासनिसानं काढलंय."

पडद्यावर सुशीलाबाईंची बैठकीची खोली होती. त्यांचा सोफा, त्यांच्या कपबश्या. त्यांचाच आवाज आला, ठसठशीत, "रोज सकाळी पर्वती चढतात." मग रावसाहेब जिना उतरताना, रावसाहेब गाडीपाशी हसताना, रावसाहेब जिना चढताना. पाठमोरे, ताठ. कोणीही म्हटलं असतं, या माणसाला काय झालंय?

सुशीलाबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

"पण ते आपल्याकडचे होते," त्या म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच ऐकवेना.

"असतीलही. पगार विमा कंपनीचा घेतात."

"ऋषी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

तनुजा मॅडमनी नकारार्थी मान हलवली, असा पुतण्याच नव्हता. "बरं झालं," प्रियदर्शनी म्हणाली, "नाहीतर बाबांना रोज पर्वतीला न्यायला लागलं असतं." मग ती बाथरूम कुठे आहे विचारून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. स्वतःची फजिती त्यांनी गिळली असती. पण त्या फोटोतल्या पोराची पोरगी मनातल्या मनात वाट बघत होती, आणि ते पोरगं जगात नव्हतंच! आणि या सगळ्याला दार उघडून, चहा देऊन, पाटवड्यांच्या गप्पा मारून आत कोणी घेतलं? बाईंनी स्वतः.

"आता सौमित्रच्या वहीचा तरी उपयोग झाला असता," तनुजा मॅडम म्हणाल्या. त्यांनी वही उघडून दाखवली. बावीस भेटी, फ्लूची एक सोडली तर प्रत्येक वेळी एकच वाक्य, काकू म्हणतात, सगळं बरं आहे. "ही मी कोर्टात दिली तर विमा कंपनी मला पेढे वाटेल. सुशीलाबाई, एकच वाट आहे. तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल. जे बावीस वेळा सांगितलं नाहीत, ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल. नाहीतर रावसाहेब खोटारडे ठरतात. भरपाई गेली, ऑपरेशनही गेलं."

सौमित्र पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. बाईंनी तो घेतला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "शनिवारी ये," एवढंच त्या म्हणाल्या.

तारखेच्या दिवशी रावसाहेबांना रिक्षातून नेलं. कोर्टाच्या व्हरांड्यात शंभूराव बाकावर बसलेले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर फाइल. बाईंना पाहून ते उठून उभे राहिले आणि चक्क नमस्कार केला. बाईंच्या तोंडात आलेली शिवी वऱ्हाडी होती, ती त्यांनी तिथंच ठेवली.

आत विमा कंपनीचे वकील मोठे गोड बोलत होते.

"'रोज पर्वती चढतात,' हे वाक्य आपलंच ना?"

"माझंच."

"'वीस लिटरचा जार एका हातानं,' हेही?"

"तेही माझंच."

"आणि आज आपण म्हणता, ते खोटं होतं. म्हणजे आपण खोटं बोलता."

"मुलीच्या लग्नासाठी बोलले. तुम्ही तुमच्या मुलीच्या वेळेला व्याह्यांना सगळं खरं सांगितलंत का?"

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "बाई, विचारलं तेवढंच सांगा."

"ठीक," वकील म्हणाले. "मग आज जे सांगाल ते खरं, हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

सुशीलाबाईंनी कठडा घट्ट धरला. "साहेब, माणूस खोटं बोलतो ते घराची अब्रू राखायला. मी आज जे सांगणार, त्यानं माझ्या घराची अब्रू जाणार आहे. हौस म्हणून कोणी असं सांगत नाही."

मग त्यांनी सांगितलं. पँट चढवायला वीस मिनिटं लागतात ते सांगितलं. कमोडच्या खुर्चीवर बसवताना त्या स्वतः त्यांना मिठी मारल्यासारखं धरतात ते सांगितलं. बसवल्यावर साफ कोण करतं, तेही सांगितलं. त्या गुरुवारी हा माणूस दोन मजले चढून आला आणि दाराशी कोसळला, चार दिवस उशीत तोंड खुपसून कण्हत होता, आणि चिठ्ठी नको असं डॉक्टरला आपणच बजावलं, हेही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. मागच्या बाकावर प्रियदर्शनी होती, सौमित्र होता, इतर अशील होते, शंभूराव होते. मान खाली घालून बसलेले रावसाहेबही होते.

"सुशीला, बस कर," रावसाहेब म्हणाले.

"नाही करत. दोन वर्षं बस केलं, म्हणून इथं आलो."

न्यायाधीशांनी रावसाहेबांकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय का? पत्नी सांगतात ते खरं आहे?"

रावसाहेब उठले. सौमित्रनं हात पुढे केला, तो त्यांनी धरला. कारखान्यातल्या मराठीला ते तीस वर्षं चिकटून होते. त्या दिवशी ती सुटली आणि गावाकडची वऱ्हाडी तोंडात आली.

"साहेब, हे सांगते ते अर्धंच हाय."

सुशीलाबाईंनी वळून पाहिलं.

"डाव्या पावलाले सात महिन्यांपासून काहीच समजत नाही. चप्पल पायात हाय का गळून पडली, खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. आंघोळीचं पाणी मी आधी उजव्या पायानं पाहतो. त्या दिवशी जिना उतरलो, तो डोळ्यांनी उतरलो. पायरी पायाले लागतच नव्हती. हिले सांगतलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"हे माझ्यासाठी इतकं झाकत होती साहेब. म्हटलं, आपणही तिच्यासाठी एवढं झाकावं."

विमा कंपनीचे वकील ताडकन उठले. "हे यांना आजच बरं सुचलं! एकाही कागदावर हे नाही."

"मग तपासून घ्या," तनुजा मॅडम म्हणाल्या. "सरकारी रुग्णालयात नसांची तपासणी होते. तिथं सुई टोचून यंत्राला विचारतात, माणसाला विचारत नाहीत. तुमचाही डॉक्टर पाठवा."

न्यायाधीशांनी तसा हुकूम लिहवून घेतला. सरकारी डॉक्टरांच्या मंडळानं खुबा आणि पाऊल, दोन्ही तीन आठवड्यांत तपासावं. तोपर्यंत त्या चित्रणावरून काही ठरवायचं नाही. बाहेर आल्यावर तनुजा मॅडम हळूच म्हणाल्या, "यंत्रानं हेच सांगितलं तर केस वाचली. पण ही गोष्ट मला सात महिन्यांपूर्वी कळली असती तर कदाचित पायही वाचला असता. आता डॉक्टर काय म्हणतात ते बघू."

सुशीलाबाईंनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी रावसाहेबांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. जगातल्या झाडून सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. रोज आपण ज्याला हातानं धरून उठवतो, त्या माणसावर घ्यायचा तेवढा राहिला होता. त्या फरशीवर बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, आणि रावसाहेबांच्या डाव्या पायातली चप्पल काढून पाऊल मांडीवर घेतलं.

"आई, काय करतेस?" प्रियदर्शनी म्हणाली.

"गप्प बस. मला बघू दे."

त्यांनी अंगठ्याला चिमटा घेतला. मग करंगळीला. मग तळव्याच्या मऊ भागात दोन नखं रोवली आणि दाबत गेल्या, दात-ओठ खाऊन, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी. नखांखाली रक्ताचा थेंब आला.

रावसाहेब समोरच्या भिंतीवर लावलेली तारखांची यादी वाचत होते.

"काढतेस ना चिमटा?" ते म्हणाले. "काढ की. थांबलीस कशाला?"